दारावर चिकटवलेला कागद

१

रविवारी माझं चष्म्याचं दुकान बंद असतं आणि मी जुनी मासिकं साफ करत बसतो. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांत डोकवायचं आणि रविवारी आपल्या डोळ्यांना आवडेल ते बघायचं, असा माझा सरळ हिशेब. टेबलावर पांढरा कागद अंथरायचा, मऊ ब्रशने धूळ झटकायची, गंजलेल्या पिना हळूच उचकटून त्या जागी दोरा ओवायचा, पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने उडवायच्या. आणि मुखपृष्ठावर कोणी काही चिकटवलं असेल तर ते काढायचं.

हे शेवटचं काम माझं खास. लोक चित्रांवर काय काय चिकटवतात हे पाहिलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. एका सुंदर बाईच्या गालावर कोणीतरी चक्क पोस्टाचं तिकीट डकवलं होतं. एकाने फाटलेल्या मुखपृष्ठाला जखमेवर लावायची पट्टी लावली होती. मला हे सहन होत नाही. टीपकागद ओला करून ठेवायचा, वाट बघायची, घाई करायची नाही. आजवर एकही चित्र माझ्या हातून फाटलेलं नाही आणि मला गर्व करण्यासारखं आयुष्यात तेवढंच आहे.

मी जमवतो ते एक जुनं कौटुंबिक मासिक. त्यातल्या कथा मी वाचत नाही. दोनचार वाचल्या, सगळ्यांत शेवटी कोणी ना कोणी क्षमा मागतं. मला हवीत ती मुखपृष्ठं. वर्षानुवर्षं एकाच चित्रकाराने काढलेली आणि नेहमी एकच बैठकीची खोली. पुढे माणसं बदलतात, कधी पत्ते खेळतात, कधी लोकर गुंडाळतात. मागे मात्र तीच भिंत आणि भिंतीत तेच तपकिरी बंद दार. माझ्याकडे सगळी वर्षं होती, एक सोडून.

"ठिपक्या, जेवायला चल," ताई दाराबाहेरून म्हणायची. मी भिंगातून छपाईचे ठिपके बघत बसतो म्हणून हे नाव. पण आधी दार वाजवायची, अंगठीने. टक, टकटक. अंगठी आईची. ताईला ती सैल होते म्हणून तिने तिला आतून लाल दोरा गुंडाळला होता आणि त्यामुळे आवाज जरा बोदा यायचा.

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. निवृत्त झाली, पण बोलण्याचा कोटा काही संपला नाही. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. मी 'हॅलो' म्हटल्यावर मला सर्दी होणार आहे हे तिला माझ्या आधी कळायचं. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. आईवडिलांच्या घरात आम्ही दोघंच, पॅसेजच्या एका टोकाला माझी खोली, मध्ये ताईची आणि दुसऱ्या टोकाला आईची. आई गेल्यापासून ती खोली बंदच असायची, ताई तिथे फक्त इस्त्री करायची. मला या जगात ताईशिवाय कोणी नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण तिने तेवढ्यावरून मला महिनाभर चिडवलं असतं.

२

राहिलेल्या वर्षाचे अंक रद्दीवाल्याने आणून दिले. हा माणूस जुनी घरं रिकामी करतो आणि मला उपयोगी असेल ते बाजूला काढून ठेवतो. गठ्ठा दुकानाच्या काउंटरवर टाकून तो खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं.

"म्हातारा एकटाच होता," तो म्हणाला. "पण काय घर हो! प्रत्येक दारासमोर कपाट सरकवलेलं. या खोलीतून त्या खोलीत जायचं तर आधी कपाट ढकला. आमची कंबर गेली."

"चोरांची भीती असेल."

"चोर आतल्या खोलीतून येतात होय?" तो हसला. मीही हसलो.

गठ्ठा सोडला आणि माझा आनंद कुठल्या कुठे गेला. वर्षाचे सगळे अंक होते, कोरे करकरीत, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. पण प्रत्येक मुखपृष्ठावर, मागच्या भिंतीवर, जिथे दार असतं बरोबर तिथे, तपकिरी कागदाचा तुकडा चिकटवला होता. कडा काटेकोर कापलेल्या. माणसांना, टेबलाला, पडद्याला कुठेही धक्का नाही. फक्त दार झाकलेलं.

"वेडा असणार," मी म्हणालो.

"मरू द्या. तुम्ही काय, काढालच," रद्दीवाला म्हणाला. "तुमच्या हातात जादू आहे."

कोणी माझ्या हाताचं कौतुक केलं की मी विरघळतो. त्या दिवशीही विरघळलो.

३

पहिला तुकडा मी त्याच रविवारी काढला. टीपकागद ओला करून ठेवला, त्यावर काच, काचेवर वजन. खळ जुनी होती तरी पटकन सुटली. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच पटकन, जणू वाटच बघत होती.

खाली दार होतं. नेहमीचं, बंद. त्यावर शाई सांडली नव्हती की कोणी मिशा काढल्या नव्हत्या. झाकण्यासारखं काहीच नव्हतं आणि मी चक्क निराश झालो.

मग एक गोष्ट खटकली. झाकलेला कागद नेहमी ताजा राहतो. भिंतीवरचा फोटो काढला की मागचा रंग उजळ दिसतो, तसंच. इथे उलट होतं. सगळं चित्र स्वच्छ आणि झाकलेलं दार तेवढं मळकट. दिव्याच्या बटणाभोवती भिंत रोजच्या बोटांनी काळवंडते ना, तसं मुठीभोवती काळवंडलेलं. मी काढलेला तुकडा उलटा केला. त्याच्या आतल्या बाजूला, खळीच्या थरात, बारीक उभे ओरखडे होते. वरून खाली, एकाशेजारी एक.

कसर, मी स्वतःला सांगितलं. कसर खळीच्या वासाने येते आणि कागद कुरतडते. पण कसर अशा सरळ रेषेत खात नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी मी तुकडा डब्यात ठेवला आणि हात धुवायला गेलो.

पॅसेजमध्ये ताई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आईच्या खोलीचं दार तू उघडलंस?"

"मी इथून हललोही नाही."

"मग काय दाराला पाय फुटले? कडी लावली होती मी. वारं आलं की कपडे उडतात सगळे."

खोलीची एकुलती एक खिडकी बंद होती. ते मी तिला दाखवलं नाही. मी स्वतःच जाऊन दार ओढून घेतलं आणि कडी घातली. कडी जरा ओलसर लागली, पण माझेच हात ओले होते.

४

नंतर मी रविवारची वाट बघितली नाही. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी एक तुकडा काढू लागलो. अपुरं वर्ष डोळ्यांसमोर असताना थांबणं माझ्या स्वभावात नाही. ताई म्हणायची, "तुझ्या बायकोने असा हट्ट केला असता तर तू तिला माहेरी पाठवलं असतंस."

तिसऱ्या की चौथ्या अंकावर दाराशी एक काळी रेघ दिसली. दार आणि चौकट यांच्यामध्ये. पुढच्या अंकावर रेघ थोडी रुंद होती. दार किलकिलं होतं.

या राहिलेल्या वर्षाच्या एका महिन्याचा एक फाटका अंक माझ्याकडे आधीपासून होता. मुखपृष्ठाचा अर्धाच तुकडा, पण दार होतं. तो काढून शेजारी ठेवला. फाटक्या अंकात दार बंद. नव्यात किलकिलं. महिना तोच, माणसं तीच, पत्त्यांचा डावही तोच. संग्राहकाला अशा वेळी काय वाटतं ते सांगतो. भीती नाही वाटत. छपाईच्या दोन आवृत्त्या निघाल्या, दुर्मीळ माल हाती लागला, म्हणून तो मनातल्या मनात नाचतो. मीही नाचलो. माझ्या जागी दुसरा कुठलाही शहाणा माणूस असता तर त्याने गठ्ठा तिथेच बांधून ठेवला असता.

त्याच सकाळी माझ्या दारावर थाप पडली. थाप तरी कसली, कोणीतरी ओला तळहात लाकडावर टेकवला आणि काढून घेतला, इतकाच आवाज.

"आलो गं," मी म्हणालो. मग लक्षात आलं, ताईची खोकण्याची उबळ समोरच्या बाल्कनीतून ऐकू येत होती. ती कपडे वाळत घालत होती.

दार उघडलं. पॅसेज रिकामा. त्या टोकाला आईच्या खोलीचं दार उघडं आणि आत इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी थाप नव्हती, बोटाच्या पेराने वाजवल्यासारखं होतं. एकदाच. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदा. मी उत्तर द्यायचं बंद केलं. खुर्चीत बसून राहायचो, ब्रश हातात आणि हात हवेत. पाइपमधून हवा जाते, लाकूड उन्हाने तडकतं, वरच्या मजल्यावर कोणी काही आपटतं. कारणांना काय तोटा आहे? त्यातलं एक निवडायचं आणि दुकानात जायचं.

मग एका सकाळी वाजलं: टक, टकटक.

माझा जीव भांड्यात पडला. ताईच! मी उठून दाराशी गेलो, मूठ धरली आणि तिथेच थिजलो. आवाज कोरा होता, खणखणीत. अंगठीला दोरा नव्हता.

कोणीतरी ताईसारखं दार वाजवायला शिकत होतं.

५

शेवटच्या अंकाचा तुकडा मी काढायला नको होता. हे आता म्हणायला सोपं आहे. तेव्हा मी स्वतःला समजावलं की एकच तर राहिला आहे आणि चित्रातल्या दाराचा आणि आमच्या दाराचा काय संबंध? चष्मेवाला माणूस, डोळे कसे फसवतात ते रोज लोकांना समजावून सांगतो आणि स्वतःच घाबरतो, याची लाज वाटली. म्हणून काढला.

दार चांगलं वीतभर उघडं होतं. आत काळोख. आणि दाराच्या कडेवर, आतून बाहेर आलेली, चार बोटं.

मी भिंग लावलं. जुनी रंगीत छपाई म्हणजे सगळा ठिपक्यांचा खेळ. बाईचा गाल घ्या, पडदा घ्या, दिवा घ्या, भिंगाखाली सगळ्याचे लाल, पिवळे, निळे ठिपके होतात. दाराचेही झाले. काळोखाचेही झाले. बोटांचे झाले नाहीत. बोटांना ठिपके नव्हते. बोटांना नखं होती, नखांत खळ होती.

भिंग माझ्या हातातून टेबलावर पडलं. ते उचलून पुन्हा बघायला मला फार वेळ लागला. बघितलं तेव्हा बोटं नव्हती. दार मात्र तसंच होतं, नाही, थोडं जास्तच उघडं.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ताईसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती हसेल. तिने हसावं म्हणूनच सांगत होतो. ती हसली नाही. हातातला कप तिने खाली ठेवला.

"तू दुपारी दुकानातून घरी येतोस ना?" तिने विचारलं.

"दुपारी? मी दुपारी कशाला येईन?"

"रोज येतोस. आईच्या खोलीतून हाक मारतोस मला. 'ताई, जरा इकडे ये.' मी म्हणते, हातातलं काम झालं की येते. आणि येईपर्यंत तू गेलेला असतोस."

"ताई, मी येत नाही."

"मला आवाज कळतो रे," ती म्हणाली. आयुष्यभर हजारो लोकांचे आवाज ऐकलेली माझी बहीण, तिचा आवाज आता फुटत होता. "तुझाच होता. सर्दी झाल्यावर होतो ना, थोडा दबलेला, तसा. मला वाटलं, औषध घेत नाहीयेस."

पॅसेजच्या टोकाला काही वाजलं नाही. ते वाजलं असतं तर बरं झालं असतं.

६

मी रद्दीवाल्याला फोन लावला.

"चिकटवलेलं होतं ना, ते कशाने चिकटवलं होतं? घरात काही सापडलं?"

"म्हाताऱ्याच्या उशाशी खळीचं भांडं होतं," तो म्हणाला. "ताजी खळ. शेवटच्या दिवसापर्यंत चिकटवत असणार. का हो? मासिकं खराब निघाली का?"

"नाही. मासिकं उत्तम आहेत. त्याचं दुसरं कोणी नव्हतं का? बायको, बहीण?"

"घरात ताटं दोन होती," तो म्हणाला. "पण शेजारचे म्हणतात, माणूस एकच दिसायचा."

फोन ठेवल्यावर मी ताईकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. फोनमधलं दुसऱ्या बाजूचं बोलणं तिला नेहमीच ऐकू जायचं. ती उठली, पातेलं काढलं, पिठात पाणी घातलं.

"बघतोस काय? कात्री आण," ती म्हणाली. "तू काढलेस ना, तूच चिकटव."

खळ तिने केली. तपकिरी कागद तिने कापला, एकेक तुकडा दाराच्या मापाचा. तुकडे सरळ आले. आई नेहमी म्हणायची, कापावं तर हिनेच. मध्येच ती म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्या मासिकांना शिव्या घातल्या, आता बघ, तुझी मदतनीस झाले." मला रडू आलं. मी म्हणालो, "ताई, तुझ्याशिवाय मला कोणी नाही." ती म्हणाली, "माहीत आहे रे, ठिपक्या. नाक पूस."

ठरलं ते एवढंच. मी माझ्या खोलीत बसून चिकटवणार. ती बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसणार, माझ्या दाराला पाठ लावून. आईच्या खोलीकडे जायचं नाही, कोणीही हाक मारली तरी.

"तू मारलीस तरी?" तिने विचारलं.

"मी मारणारच नाही."

७

भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं आणि खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार धूत होतं. भीतीला काही जागाच नव्हती खरं तर.

पहिल्या अंकापासून सुरुवात केली. खळ लावायची, तुकडा ठेवायचा, कापडाने मधून कडेकडे दाबत न्यायचं, हवा राहू द्यायची नाही. प्रत्येक तुकड्यागणिक घर शांत होत गेलं. आधी घरात इतके आवाज होते हे मला कळलंही नव्हतं. ते एकेक थांबले तेव्हा कळलं.

"झाले किती?" ताई बाहेरून विचारायची.

"होत आले."

शेवटचा अंक राहिला. त्यातलं दार आता अर्धं उघडं होतं. मी आत बघितलं नाही, शपथेवर सांगतो, बघितलं नाही. तुकड्याला खळ लावली आणि कडा जुळवून वर धरला.

तेवढ्यात पॅसेजच्या त्या टोकाकडून मी स्वतःला ऐकलं.

"ताई, जरा इकडे ये. लवकर. मला धर."

माझाच आवाज. मी घाबरलो की कसा होतो, अगदी तसा. आणि बाहेर खुर्ची सरकली.

"आले रे!" ताई म्हणाली.

"ताई, जाऊ नकोस! मी इथे आहे!" असं मी ओरडलो. की ओरडायला गेलो? आवाज निघाला की नाही, मला सांगता येत नाही. तिची पावलं धावत गेली, चप्पल फटफटत. मी उठायला हवं होतं. त्याऐवजी हातातला कागद मी दारावर दाबला. दोन्ही तळहातांनी, सगळ्या जोरानिशी. मला वाटलं, ती पोचायच्या आधी बंद होईल.

पॅसेजच्या टोकाला दार आपटलं आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही.

मी धावलो. दाराला कडी लागलेली नव्हती, ढकलल्याबरोबर उघडलं. आईची खोली, इस्त्रीचं टेबल, घडी केलेल्या चादरी, बंद खिडकी. उंबऱ्याच्या आत ताईची एक चप्पल, उलटी पडलेली. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं, तिला हाका मारल्या. आता मात्र आवाज नीट निघत होता.

मग माझ्या खोलीतून ऐकू आलं. फार बारीक आणि बोदं.

टक, टकटक.

मी टेबलापाशी परत आलो. शेवटच्या अंकावर कान टेकवला. खळ अजून ओली होती, गालाला गार लागली. कागदाच्या खालून, दोऱ्याच्या अंगठीने, माझी बहीण दार वाजवत होती.

मी कोपऱ्याखाली नख घातलं. तेवढ्यात बाहेरची घंटी वाजली.

"अरे, दार उघड," ताई म्हणाली. "खाली गेले होते, किल्ली विसरले."

८

मी दार उघडलं. तुम्ही काय केलं असतंत? ओली खळ होती, ती काढली तर कोण बाहेर येईल हे मला कसं कळणार? आणि दारात ताई उभी होती, तिच्या साडीत, तिच्या चष्म्यात, मीच बनवून दिलेल्या. मी तिला मिठी मारली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तळहात ओला होता.

पायात तिच्या एकच चप्पल होती. तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. घरात सगळं व्यवस्थित आहे. ती स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, आईच्या खोलीत इस्त्री करते. ती मला चिडवत नाही. मला भाऊ म्हणते. दार वाजवते ते अचूक, पण आवाज खणखणीत येतो. आईची अंगठी तिच्या बोटात घट्ट बसते, दोऱ्याची गरज पडत नाही. काल म्हणाली, "तुझी मासिकं किती सुंदर आहेत. अजून आणत जा." मी दुकानात जातो, लोकांचे डोळे तपासतो, आणि संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की दुकानाचं शटर अर्धं ओढून पुन्हा आत जाऊन बसतो.

अंक मी टेबलाच्या खणात ठेवला होता. ती घरात नसते तेव्हा मी खण उघडतो. आधी टकटक जोरात यायची, घाईने. नंतर थांबून थांबून. मी कागदाशी तोंड नेऊन म्हणायचो, "ताई, धीर धर, मी काढतो." आणि काढत नव्हतो. काढलं तर ताई येईल. पण तिच्यामागून आणखी कोण येईल? की ही टकटकही कोणीतरी शिकून घेतलेली असेल? असं माझं मन मला समजावायचं. भेकड माणसाचं मन फार हुशार असतं.

आज सकाळी खण उघडला आणि आवाज आला नाही. मी वाट बघितली. बोटाने मीच वाजवलं, टक, टकटक. खूप वेळाने खालून एकच उत्तर आलं, इतकं हळू की कदाचित माझीच नाडी असेल.

तेव्हा मी ठरवलं. टीपकागद ओला केला, ठेवला, काच, वजन. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली. खळ आता पक्की वाळली होती, सुटेना. खालचा एक कोपरा तेवढा उचलला गेला. मी भिंग लावलं.

दार बंद होतं. दाराच्या खालच्या फटीतून लाल दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. उसवलेलं, कोणीतरी आतून सरकवलेलं, मला दिसावं म्हणून. दोऱ्याला ठिपके नव्हते.

"काय करतोस, भाऊ?"

ती मागे उभी होती. या वेळी तिने दार वाजवलं नव्हतं. तिच्या हातात पातेलं होतं, त्यात ताजी खळ, वाफ येत होती.

"कोपरा सुटलाय वाटतं," ती म्हणाली. "दे इकडे. मी चिकटवते."

तिने हात पुढे केला. कागदाखालून आवाज आला. टक, टकटक. बोदा, माझ्या ताईचा. तिनेही ऐकला, कारण ती माझ्याकडे बघून थांबली, मी काय करतो ते बघत. तिच्या नखांत खळ होती. बघताना तिच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

मी अंक तिच्या हातात दिला.